देवधर भगिनी आणि जोडीचा न लिहिलेला इतिहास

१/
बॅडमिंटनचा जन्म पुण्यात झाला, हे वाक्य पुण्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र त्याच पुण्यातील कोणत्या स्त्रियांनी या खेळात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, असे विचारले की इतिहासप्रेमीही थबकतात. उत्तरात तीन नावे आहेत: तारा, सुंदर आणि सुमन देवधर. या तीन बहिणी हा या थ्रेडचा विषय आहे. त्यांच्या निमित्ताने आणखी एक प्रश्नही इथे मांडायचा आहे: दोघींनी मिळून मिळवलेल्या यशाला आपल्या इतिहासलेखनात जागा का मिळत नाही?

२/
आधी 'जन्म' हा शब्द तपासून घ्यावा. पिसांचे फूल फळीने हवेत उडवत ठेवण्याचे खेळ युरोपात आणि आशियात फार जुने आहेत. पुण्याचे श्रेय नेमके आणि मर्यादित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील लष्करी छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या खेळाला जाळी आणि नियम यांची चौकट दिली. काही काळ खेळाचे नावच 'पूना' होते. पुढे इंग्लंडमध्ये ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या 'बॅडमिंटन हाउस' या निवासस्थानावरून आजचे नाव रूढ झाले.

३/
म्हणजे खेळ पुण्याचा खरा, पण छावणीतल्या पुण्याचा. सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेली सदाशिव पेठ छावणीपासून अंतराने फार दूर नव्हती. आचारविचारांनी मात्र ती दुसऱ्याच टोकाला होती. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तीच आजची हुजूरपागा. तेव्हा मुलींना कोणते शिक्षण द्यावे आणि किती द्यावे, यावर शहरात कडाक्याचा वाद झाला. ज्या समाजात मुलीच्या हाती इंग्रजी पुस्तक देण्यावरून इतके रण माजले, तिथे तिच्या हाती रॅकेट येण्यास आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

४/
हे अंतर ओलांडणाऱ्या घरांपैकी एक घर प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांचे. जन्म पुण्यातला, १४ जानेवारी १८९२ चा. सदाशिव पेठेत टिळक रस्त्यावर असलेल्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत आणि मैदानावर फलंदाजी करीत. १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी जवळ आली होती. शतायुषी होऊन २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते निवर्तले.

५/
याच घरातून तारा, सुंदर आणि सुमन पुढे आल्या. १९३४ मध्ये भारतीय बॅडमिंटन संघटना स्थापन झाली आणि हा खेळ देशपातळीवर संघटित होऊ लागला. त्यानंतरच्या म्हणजे १९४० च्या दशकात या तिन्ही बहिणींनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्या एकेरीत चमकल्या, तशाच दुहेरीत एकमेकींच्या साथीने खेळल्या आणि जिंकल्या. छावणीत ज्या खेळाचे नियम ठरले, तो खेळ पेठेतल्या मराठी मुलींनी आपला करून दाखवला.

६/
आता या यशाची नोंद कशी झाली ते पाहावे. वडिलांच्या नावाने १९७३-७४ पासून 'देवधर करंडक' सुरू झाला. त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळाले. हा सन्मान सर्वथा योग्यच होता. परंतु मुली भेटतात त्या बहुधा वडिलांच्या चरित्रनोंदीच्या अखेरच्या परिच्छेदात: 'त्यांच्या तीन मुलीही बॅडमिंटनपटू होत्या.' या वाक्यातील 'ही' हे अक्षर ध्यानात घ्यावे. त्या एका अक्षराने तीन विजेत्या खेळाडू एका थोर पुरुषाच्या कौटुंबिक माहितीत जमा होतात.

७/
याचे एक कारण उघड आहे: त्या स्त्रिया होत्या. दुसरे कारण तितके चर्चिले जात नाही: त्यांच्या यशाचा मोठा भाग जोडीचा होता. आपली इतिहासदृष्टी एकट्या वीराला सरावलेली आहे. पोवाडा एका नायकाचा, पुतळा एका व्यक्तीचा, रस्त्याला नाव एकाचे. दोघींचे मिळून जे असते ते कोणाच्या खात्यावर मांडावे, हे न कळल्यामुळे ते कोणाच्याच खात्यावर मांडले जात नाही.

८/
वास्तविक बॅडमिंटनच्या स्पर्धात्मक इतिहासाची सुरुवातच जोड्यांनी झाली. जगप्रसिद्ध ऑल इंग्लंड स्पर्धा प्रथम १८९९ मध्ये भरली. त्या वर्षी पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच प्रकार होते. एकेरीचा समावेश पुढल्या वर्षी, १९०० मध्ये झाला. महिला दुहेरीचे ते पहिले विजेतेपद मेरियल लुकास आणि मेरी ग्रेम यांनी पटकावले. अर्थात या स्पर्धेच्या दप्तरात स्त्रियांची जोडी ही स्त्रियांच्या एकेरीपेक्षा एका वर्षाने ज्येष्ठ आहे.

९/
देवधर भगिनी ज्या नियमांनी खेळल्या, त्यांत जोडीचा अर्थ आजच्याहून अधिक गहन होता. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळे. डावाचा आरंभ सोडला तर दुहेरीत प्रत्येक बाजूला दोन सर्व्हिस असत. एकीची सर्व्हिस गेली तरी बाजू गारद होत नसे. दुसरी अजून उभी असे. दोघींची सर्व्हिस गेल्यावरच प्रतिपक्षाची पाळी येई. एकीची चूक दुसरीने सावरावी, हे नियमातच लिहिलेले होते. २००६ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत आली आणि ही दुसरी संधी इतिहासजमा झाली.

१०/
अशा खेळात बहिणींची जोडी प्रबळ ठरावी यात नवल नाही. समोरचे फूल कोणी घ्यायचे, कोणी मागे सरायचे, कोणी जाळीजवळ थांबायचे, याचा निर्णय क्षणार्धात आणि न बोलता व्हावा लागतो. ही जाण सहवासाने आणि सरावाच्या असंख्य तासांनी येते. मुलींना घराबाहेर सरावाची मोकळीक कमी असलेल्या काळात जोडीदार घरातच असणे, ही फार मोठी अनुकूलता होती. घराच्या ज्या चौकटीने स्त्रियांना बांधून ठेवले, तिच्याच आत या बहिणींना आपले बळ सापडले.

११/
जोडीचे हे नाते आणखी स्पष्ट दिसते ते एका वेगळ्याच खेळात, लॉन बोल्समध्ये. सपाट, आखूड गवताच्या पट्टीवर 'जॅक' नावाचा लहान चेंडू दूर सोडतात आणि मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोहोचवतात. मोठा चेंडू मुद्दाम एका अंगाने किंचित वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून तो सरळ न जाता वळत जातो. जोडीच्या खेळात पारंपरिक पद्धतीने प्रत्येकीला चार चेंडू मिळतात. पहिली 'लीड', दुसरी 'स्किप'.

१२/
लीड जॅक सोडते आणि आपले चेंडू टाकून डावाचा पट मांडते. त्या वेळी स्किप पलीकडच्या टोकाला उभी राहून तिला दिशा सांगते. मग दोघी जागा बदलतात. आता स्किप चेंडू टाकते आणि लीड तिचे डोळे होते. शेवटचा निर्णायक चेंडू स्किपच्या हातून सुटतो, त्यामुळे टाळ्या तिला मिळतात. पण लीडने आधी जवळ आणून ठेवलेला चेंडू नसता, तर त्या अखेरच्या चेंडूने राखायचे काय? जोडीचा इतिहास लिहिणाऱ्याने लीडचा चेंडू पाहायला शिकले पाहिजे.

१३/
या खेळातही स्त्रियांच्या जोडीला दारात बराच काळ तिष्ठावे लागले. आजच्या राष्ट्रकुल स्पर्धेची पूर्वज असलेली पहिली स्पर्धा १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे झाली. त्यात पुरुषांचे लॉन बोल्स होते, जोडीचा प्रकारही होता. स्त्रियांना या खेळात प्रवेश मिळाला १९८२ मध्ये, ब्रिस्बेनला, तोही केवळ तिघींच्या प्रकारात. महिला जोडी आली १९८६ मध्ये, एडिंबरोला. उत्तर आयर्लंडच्या फ्रीडा एलियट आणि मार्गारेट जॉन्स्टन यांनी सुवर्णपदक जिंकले. पुरुषांच्या जोडीनंतर स्त्रियांच्या जोडीला ५६ वर्षे लागली.

१४/
स्त्रियांची जागतिक बोल्स स्पर्धा मात्र १९६९ मध्येच सिडनीत सुरू झाली होती. १९७७ साली इंग्लंडमधील वर्दिंग येथे हाँगकाँगच्या एल्व्ही चोक आणि हेलन वाँग यांनी जोडीचे विजेतेपद मिळवून साहेबाच्या खेळात साहेबाच्याच अंगणात बाजी मारली. पुढे मार्गारेट जॉन्स्टन आणि फिलिस नोलन या जोडीने १९८८, १९९२ आणि १९९६ असे सलग तीन वेळा जगज्जेतेपद राखले.

१५/
जॉन्स्टन-नोलन जोडीची गोष्ट इतिहासप्रेमींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. जॉन्स्टन उत्तर आयर्लंडच्या, नोलन आयर्लंड प्रजासत्ताकाच्या. जागतिक स्पर्धेत आयर्लंडचा संघ एकच असे, म्हणून दोघी एकत्र खेळत. आयर्लंड प्रजासत्ताक १९४९ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडले होते, त्यामुळे राष्ट्रकुल स्पर्धेत ही जोडी कधीच उभी राहू शकली नाही. एका बेटावर ओढलेली सीमारेषा जगातील सर्वोत्तम जोडीच्या मधून गेली. राजकीय इतिहास माणसांच्या आयुष्यात कुठवर शिरतो, हे समजण्यासाठी दर वेळी तहनामेच वाचावे लागतात असे नाही.

१६/
भारतात हा खेळ घरोघरी पोहोचला तो २ ऑगस्ट २०२२ रोजी. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. लॉन बोल्समधील भारताचे ते पहिले पदक होते. त्या दिवशी देशाने चौघींची नावे एका दमात घेतली. आज त्यांपैकी किती नावे आठवतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. जे तीन-चार वर्षांत घडते, तेच आठ दशकांत देवधर भगिनींच्या बाबतीत घडले आहे.

१७/
यावर पहिला आक्षेप येतो: वडील विख्यात असले की मुली झाकोळल्या जाणारच, त्यात अन्याय कसला? याचे उत्तर बॅडमिंटनच्याच इतिहासात आहे. आयर्लंडचे फ्रँक डेव्हलिन हे ऑल इंग्लंड स्पर्धा अनेक वेळा जिंकलेले मातब्बर खेळाडू. अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या दोन मुली, ज्युडी आणि सुझन, यांनी एकत्र खेळून ऑल इंग्लंडची महिला दुहेरी सहा वेळा जिंकली. ज्युडीने एकेरी दहा वेळा जिंकली. आज त्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जातात. तिथेही वडील मोठे होते. फरक इतकाच की निकालांचे तक्ते वर्षानुवर्षे जपले गेले आणि ते कोणालाही सहज पाहता येतात.

१८/
याच डेव्हलिन भगिनी दुसरी एक अडचणही दाखवतात. त्यांची सुरुवातीची विजेतेपदे 'डेव्हलिन आणि डेव्हलिन' अशी नोंदलेली आहेत, नंतरची 'हॅशमन आणि पीअर्ड' अशी. खेळाडू त्याच, जोडी तीच; मधे लग्ने झाली. तक्ता वरवर वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या जोड्या वाटतील. मराठी समाजात लग्नानंतर आडनाव बदले, कित्येकदा नावही बदले. म्हणून स्त्रियांच्या क्रीडा-इतिहासात नावाचा धागा मध्येच तुटतो आणि एका खेळाडूची कारकीर्द दोन अर्धवट तुकड्यांत विखुरते.

१९/
लीला रो यांचे उदाहरण घ्यावे. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या मातोश्री पुण्यात जन्मलेल्या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव. त्या स्वतःही टेनिस खेळत. विवाहानंतर लीला रो या 'लीला रो दयाल' झाल्या आणि नृत्य व साहित्य या क्षेत्रांत याच नावाने वावरल्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे ठाऊक नसलेल्या अभ्यासकाला एक टेनिसपटू आणि एक लेखिका अशा दोन स्त्रिया दिसतील. पुरुषाच्या नोंदीत हा घोटाळा सहसा होत नाही.

२०/
दुसरा आक्षेप: खरा कस एकेरीत लागतो, दुहेरी हा दुय्यम प्रकार. हे मत खेळाच्या इतिहासाला धरून नाही. स्त्रियांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा उबेर चषक १९५७ मध्ये प्रथम खेळला गेला. तेव्हा प्रत्येक लढतीत सात सामने असत, तीन एकेरीचे आणि चार दुहेरीचे. देशाच्या ताकदीचे माप निम्म्याहून अधिक जोड्यांवर ठरे. इंग्लंडच्या ज्या बेटी उबेर यांच्या नावाचा हा चषक आहे, त्या स्वतः खेळाडू होत्या. जोडीला इतके वजन असलेली ही घडण कोणा अनभिज्ञाची नव्हती.

२१/
भारतापुरते पाहिले तरी महिला बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय वाटचाल जोड्यांनी आखलेली दिसते. १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी महिला दुहेरीचे कांस्यपदक आणले. २०१० मध्ये दिल्लीत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी सुवर्ण जिंकले, आणि २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. त्यांतील ज्वाला गुट्टा यांचा जन्म वर्ध्याचा. दुहेरीकडे होणाऱ्या दुर्लक्षाविषयी त्या वर्षानुवर्षे जाहीरपणे बोलत आल्या आहेत. हे दुर्लक्ष केवळ आजच्या संघटनांचे नाही. ते आपल्या स्मरणाच्या सवयीतच आहे.

२२/
म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर सदाशिव पेठेतून यावे, अशी अपेक्षा अवाजवी ठरणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. माळ्यावर धूळ खात पडलेले रुमाल सोडून त्यांतला एकेक कागद वाचण्याची शिस्त या परिसराने महाराष्ट्राला शिकवली. राजवाड्यांच्या पिढीने जमाखर्चाच्या वहीलाही साधन मानले. तीच नजर स्पर्धेच्या निकालपत्रकाकडे वळायला हवी.

२३/
तरुण इतिहासप्रेमींना यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. 'केसरी', 'ज्ञानप्रकाश' आणि १९३२ पासूनचा 'सकाळ' यांच्या जुन्या अंकांतील खेळांची पाने वाचता येतील. जिमखान्यांतील विजेत्यांचे लाकडी फलक छायाचित्रांत टिपता येतील. घरोघरच्या कपाटांतील चषकांवर कोरलेली नावे उतरवून घेता येतील. नोंद करताना तीन पथ्ये पाळावीत: स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे द्यावीत, दुहेरीचे यश दोघींच्या नावावर समान लिहावे, आणि खेळाडूची ओळख तिच्या खेळाने सुरू करावी, नातेवाइकांनी नव्हे.

२४/
हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. तो काळ पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. जुने वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहतात, तेव्हा माळ्यावरची कात्रणे, छायाचित्रे आणि स्पर्धांच्या पुस्तिका रद्दीत जातात. सतराव्या शतकातील एखादे पत्र हाती लागले की आपण हर्षभरित होतो. १९४५ सालचे निकालपत्रक मात्र आपल्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने विकले जाते. आजची रद्दी हेच उद्याचे दप्तर, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२५/
प्राध्यापक देवधरांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. उलट, ज्या काळात मुलींच्या खेळाकडे समाज साशंकतेने पाहत होता, त्या काळात ज्या घराने तीन मुलींना राष्ट्रीय विजेत्या होताना पाहिले, त्या घराचे मोठेपण वाढतेच. फक्त वाक्याची रचना बदलायला हवी. 'देवधरांच्या तीन मुलीही बॅडमिंटन खेळत' याऐवजी 'तारा, सुंदर आणि सुमन देवधर या १९४० च्या दशकातील भारताच्या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या' असे वाक्य पाठ्यपुस्तकात, कोशात आणि पेठेच्या इतिहासात यावे. बॅडमिंटन पुण्याचे, असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने यापुढे ही तीन नावेही सांगावीत.